३१ पानांचा रिपोर्ट, त्यातली माझ्या कामाची दोन

आधी हिशेब सांगतो. रक्त तपासायच्या पॅकेजची छापील किंमत २२,००० रुपये, तिच्यावर काट मारून १४,८००. घरी येऊन रक्त नेण्याचे वेगळे पैसे नाहीत. रिपोर्ट ७२ तासांत देणार होते, पाचव्या दिवशी आला. पानं ३१, त्यातली नऊ जाहिरातीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. असली ‘इम्युनिटी आणि थकवा’ पॅकेजं आता बरेच जण विकतात, आणि माझं भांडण दुकानाशी कमी, मालाशी जास्त आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची कटकट कळायची नाही. मी तासगाव तालुक्यातला. वय ४४. सहकारी दूध संघाच्या क्वालिटी लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दोन खुर्चीत बसून, कागद बघत. गावोगावच्या संस्थांमधून आलेले नमुने तपासायचे, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), भेसळ, टिकाऊपणा. एकेका पॉइंटवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, त्यामुळे नमुना कुणी घेतला, किती वाजता घेतला, कशात ठेवला, गाडीत किती वेळ होता, हे प्रश्न माझ्या तोंडून झोपेतही निघतात. बायको म्हणते, लग्नातसुद्धा मठ्ठा पिताना तुम्ही नाक आधी लावता.

एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला. घरीच काढला, ऑक्सिजन लागला नाही, पंधरा दिवसांत उठलो. लोकांच्या लेखी मी तेव्हाच बरा झालो. माझ्या लेखी जूनमध्ये काहीतरी वेगळंच सुरू झालं. रविवारी डोक्यावरून अंघोळ केली की सोमवार चांगला जायचा, आणि मंगळवारी सकाळी हातपाय कुणी पोत्यात भरून बांधल्यासारखे. घसा दुखणार, अंगात कणकण, पण थर्मामीटरमध्ये काही नाही. आकडे वाचायचे आणि ओळ संपेपर्यंत विसरायचे. मी, ज्याला गावसंस्थांचे कोड नंबर पाठ होते! आठ तास झोपून उठलो तरी रात्रपाळी करून आल्यासारखं वाटायचं. याला थकवा म्हणायला माझी हरकत आहे. थकवा भांगलण करून आल्यावर येतो, आणि भाकरी खाऊन झोपलं की जातो. हा प्रकार कष्टाचं बिल दोन दिवस उशिरा पाठवतो, आणि दामदुप्पट.

दोन वर्षं ‘हिमोग्लोबिन बघा’, ‘मन रमवा’, ‘चालायला लागा’ ऐकल्यावर मिरजेच्या एका डॉक्टरांनी २०२३ मध्ये नाव सांगितलं: मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली याचे निकष ठरवले. आधी करता यायचं ते करता येत नाही अशी सहा महिन्यांहून जास्त काळची अवस्था, श्रमानंतर ढासळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यांपैकी एक. डॉक्टरांनी मला दहा मिनिटं भिंतीला टेकवून उभं केलं आणि नाडी मोजली. पडून ७२ होती, आठव्या मिनिटाला १०९. खर्च शून्य. या निकषांत रक्ताची चाचणी एकही नाही. रक्त तपासायचं ते दुसरं काही नाही ना हे बघायला: थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय, टीबी वगैरे.

मग मी १४,८०० रुपये का घातले? कारण माणूस. चार वर्षं लोक ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत की’ म्हणत आले की एखादा तरी आकडा लाल यावा असं वाटायला लागतं. मेव्हण्याच्या तोंडावर मारायला एक कागद हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तुमच्या थकव्याचं मूळ तुमच्या प्रतिकारशक्तीत आहे का? एनके सेल ऍक्टिव्हिटी, सायटोकाइन्स, लिम्फोसाइट प्रोफाइल, एकाच नमुन्यात.’ रात्री अडीच वाजता, झोप लागत नसताना, असलं वाक्य बरोब्बर जागी लागतं.

आता चांगलं आधी. रक्त न्यायला आलेला मुलगा फार चांगला. सप्टेंबर २०२५, शनिवार, वेळ सात ते आठची दिलेली, पोरगं सहा चाळीसला दारात, कारण पुढे त्याला भिलवडीला जायचं होतं. मी म्हटलं, मला बसून रक्त द्यायला जमत नाही. कुठलाही प्रश्न न विचारता त्याने कॉटशेजारी स्टूल ओढलं, माझ्या हाताखाली उशी दिली. शीर एका टोचणीत. काम झाल्यावर ‘सर, दहा मिनिटं उठू नका’ म्हणाला आणि स्वतः कापूस दाबून उभा राहिला. ज्याला दवाखान्यापर्यंतचा प्रवास म्हणजे पुढचे तीन दिवस अंथरूण, त्याच्यासाठी घरी येणारा माणूस ही चैन नव्हे. या एका गोष्टीला मी पैकीच्या पैकी देतो.

पण त्याची पेटी बघितली आणि माझ्यातला लॅबवाला जागा झाला. सहा नळ्या. पिवळ्या टोपणाच्या तीन, म्हणजे सीरम, रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी. जांभळ्या टोपणाच्या दोन, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या. एक करड्या टोपणाची, साखरेसाठी. सगळ्या एकाच डब्यात, दोन बाजूंनी गोठवलेले जेल पॅक. माझं मन म्हणालं, शाबास, थंड ठेवतोय. दुधाला थंडी म्हणजे आयुष्य. चार डिग्रीला आणलं की निम्मी लढाई जिंकली. इथे मी चुकलो, हे नंतर वाचून कळलं. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मोजायचं रक्त बर्फात घालत नाहीत, ते खोलीच्या तापमानाला ठेवायचं असतं, कारण पेशी जिवंत आणि धड हव्या असतात. उलट सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारे रेणू, मोजायचं सीरम लवकर फिरवून वेगळं करायचं आणि गोठवायचं. नाहीतर नळीत पडल्या पडल्या पेशी स्वतःच काहीबाही सोडत राहतात, काही रेणू तुटत राहतात, आणि तुम्ही रोग्याचं रक्त न मोजता नळीचा प्रवास मोजता. म्हणजे एकाच डब्यातल्या नळ्यांना दोन वेगवेगळ्या वागणुकी हव्या होत्या आणि दोघींना तिसरीच मिळाली. पोराला विचारलं, सेंट्रिफ्यूज कुठे करणार? ‘सांगलीला संकलन केंद्र आहे सर, पण शनिवारी दुपारी गाडी डायरेक्ट जाते.’

आणि हिरव्या टोपणाची नळी नव्हती. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

ऍपवर नमुना कुठे पोचला ते दिसतं, ही सोय छान. माझा नमुना शनिवारी दुपारी एक वाजता सांगलीत, रात्री दहाला पुण्यात, आणि रविवारी संध्याकाळी सव्वाचारला मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेत ‘स्वीकारला’. साडेतेहतीस तास. आता रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘नमुना घेतल्याची वेळ’ या रकान्यात काय असावं? रविवार, ४.१५. शनिवारच्या सकाळचा पत्ताच नाही. म्हणजे ज्या तज्ज्ञाने खाली सही केली, त्याच्या दृष्टीने माझं रक्त ताजं, जणू मी त्यांच्या टेबलाशेजारी उभा राहून हात पुढे केला होता. आमच्याकडे असं झालं असतं तर? सकाळचा नमुना दुपारच्या वेळेने चढवला म्हणून मी एका संस्थेच्या सचिवाला अख्ख्या मीटिंगमध्ये उभं केलेलं आहे. मिथिलीन ब्ल्यूच्या चाचणीत रंग किती वेळात उडतो यावर दुधाची प्रत ठरते. नमुना आधीच तीन तास जीपमध्ये तापला असेल तर उडालेला रंग दुधाचा की जीपचा? मी कंपनीला हे मेलवर विचारलं. उत्तर आलं की ही वेळ ‘सिस्टीम जनरेटेड’ आहे.

रिपोर्ट बुधवारी रात्री आला. हिने आधी उघडला, कारण मी पडून होतो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून काहीच आवाज येईना म्हणून हाक मारली, तर ही फोन हातात धरून रडत होती. ‘अहो, व्हायरस पॉझिटिव्ह लिहिलंय. लाल अक्षरात.’

एप्स्टीन-बार विषाणू, आयजीजी पॉझिटिव्ह. सांगतो याचा अर्थ काय. हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना लहानपणी, कळतही नाही. आयजीजी म्हणजे जुन्या भेटीची खूण. हिचं रक्त तपासलं असतं तर हिचंही जवळजवळ नक्की पॉझिटिव्ह आलं असतं, आणि त्या पोराचंही. हा विषाणू आणि हा आजार यांचा संबंध नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात एप्स्टीन-बार, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू यांपैकी एक संसर्ग झालेल्या २५३ लोकांचा पाठपुरावा केला, २००६ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के लोक या आजाराच्या निकषांत बसत होते, संसर्ग तिन्हींपैकी कुठलाही असो. पण तिथे ताज्या संसर्गापासून माणसं बघत आणली होती. माझ्या आयजीजीवरून कसलाही निष्कर्ष निघत नाही. मग तो लाल कशासाठी? मर्यादेबाहेर म्हणून. पण ज्या मर्यादेबाहेर जवळपास सगळा गाव आहे ती मर्यादा कसली! एका ओळीची टीप घातली असती तर हिचे दोन तास वाचले असते.

पान चार. ‘एनके सेल ऍक्टिव्हिटी’ असं ठळक शीर्षक. खाली आकडा: सीडी५६ ही खूण असलेल्या, म्हणजे एनके, पेशी ११ टक्के, मर्यादेत. इथे मला हसू आलं आणि मग राग. एनके म्हणजे नॅचरल किलर पेशी. विषाणू शिरलेल्या पेशींना मारणं हे त्यांचं काम. या आजारात त्यांची मारण्याची ताकद कमी दिसते, असं कित्येक अभ्यासांत आलेलं आहे, संख्या बरेचदा ठीक असूनही. ताकद मोजायची तर ताजं रक्त हेपॅरिनच्या (हेही रक्त गोठू देत नाही) नळीत घ्यायचं, म्हणजे हिरव्या टोपणाच्या, ते दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं, आणि तिथे के५६२ नावाच्या कर्करोगाच्या पेशींबरोबर या पेशी सोडून किती मारल्या ते बघायचं. माझ्याकडून हिरवी नळी घेतलीच नव्हती. यांनी डोकी मोजली आणि वर ‘ऍक्टिव्हिटी’ लिहिलं. गोठ्यात म्हशी किती बांधल्यात ते मोजून दूध किती निघालं हे कुणी सांगितलं तर त्याला आमच्याकडे चहासुद्धा मिळणार नाही.

बरं, खरी चाचणी केली असती तरी? ब्रिटनमध्ये या रुग्णांची एक बायोबँक, म्हणजे नमुने जपून ठेवणारी संस्था, आहे. तिच्यातल्या अडीचशेच्या आसपास रुग्णांच्या नमुन्यांवर २०१९ साली मोठा अभ्यास आला, त्यात निरोगी लोक आणि रुग्ण यांच्या एनके पेशींत लक्षणीय फरक सापडला नाही. फरक दिसला तो टी पेशींच्या (याही लिम्फोसाइटच) एकदोन उपजातींत. म्हणजे ज्यांच्याकडे शिस्तीने घेतलेले नमुने आहेत त्यांच्यातच एकमत नाही. मग शनिवारच्या गाडीने गेलेल्या माझ्या रक्ताने काय सिद्ध करायचं?

बी पेशींचंही, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या लिम्फोसाइटचंही, तेच. त्यांची खूण सीडी१९, ती असलेल्या पेशी एकूण किती, एवढाच आकडा. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने सगळी यंत्रं लावून केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. रुग्ण फक्त १७ आणि निरोगी २१, पण प्रत्येकाला आतबाहेरून तपासलेलं. त्यात कोऱ्या, अजून कशाशी लढाई न झालेल्या बी पेशी जास्त आणि अनुभवी, स्मृती राखणाऱ्या बी पेशी कमी दिसल्या. एकूण संख्येतून हे कळणार नाही. कळपात कालवडी किती आणि वेत झालेल्या किती, हे न विचारता नुसतं ‘चाळीस जनावरं’ सांगण्यासारखं.

आता सायटोकाइन्स, कारण पॅकेजची किंमत मुख्यतः यांच्यामुळे वाढते. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रेणू. चार मोजले होते. तीन मर्यादेत, टीएनएफ-अल्फा, हा दाह वाढवणारा निरोप, किंचित वर, म्हणून लाल. पहिल्या रात्री मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मिळाला कागद, मेव्हणे! दुसऱ्या दिवशी पंधरा पंधरा मिनिटं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून मधे विश्रांती घेत वाचलं, आणि आनंद उतरला.

यावरचं गाजलेलं काम दोन ठिकाणचं. स्टॅनफर्डच्या गटाने २०१७ साली १९२ रुग्ण आणि ३९२ निरोगी लोकांचे ५१ सायटोकाइन्स मोजले. रुग्ण आणि निरोगी यांच्यात सरळ फरक दिसला तो फक्त दोन सायटोकाइन्समध्ये, एक वर आणि एक खाली. मात्र आजार जितका तीव्र तितके वर जाणारे १७ सापडले. गोष्ट मोठी आहे, कारण आजार नुसता मनात नाही हे त्यातून दिसतं. पण हे सरासरीचे फरक. दोन गावांच्या दुधाची सरासरी फॅट वेगळी आहे हे हजार नमुन्यांवरून मी छातीठोक सांगेन. पण एक बाटली हातात देऊन ‘ही कुठल्या गावची?’ विचारलंत तर मी गप्प. दोन्ही गावांत साडेसहाची म्हैसही असते आणि आठाचीही. माझा टीएनएफ ती एक बाटली आहे. तीही उन्हातून आलेली.

दुसरं काम कोलंबिया विद्यापीठाचं, २०१५ चं, २९८ रुग्णांवरचं. ते वाचून तर मी कपाळाला हात लावला. आजाराला तीन वर्षं व्हायच्या आतल्या रुग्णांत बरेच सायटोकाइन्स चढलेले दिसले. तीन वर्षांपेक्षा जुन्यांत ती चढण दिसली नाही. मी पाचव्या वर्षात आहे. पॅकेज घेताना फॉर्ममध्ये ‘आजार किती दिवसांचा’ हा रकाना होता, मी प्रामाणिकपणे भरलाही होता. तो रिपोर्टमध्ये कुठेच नाही. मर्यादा सगळ्यांना एकच छापलेली.

हे सगळं बाजूला ठेवून शेवटी ‘इम्युन स्कोअर’: ५८/१००, पिवळ्या अर्धवर्तुळात काटा. कसा काढला विचारलं. ‘प्रोप्रायटरी अल्गोरिदम’, म्हणजे सूत्र गुपित. आमच्याकडे शेतकरी फॅटवरून भांडायला आला की आम्ही त्याच्या समोर दहा मिली ऍसिड, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल घालतो, फिरवतो, आणि ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी, त्याच्याच हातात देतो. वाच बाबा तूच. त्याला पटो न पटो, रेघ त्याला दिसते. या ५८ ची रेघ कुठे आहे?

रिपोर्टनंतर दोन दिवसांनी ‘मोफत सल्ल्याचा’ फोन. मुलगी गोड बोलत होती, तिची नोकरी आहे, तिच्यावर राग नाही. स्कोअर ५८ वरून ८० वर न्यायला तीन महिन्यांचा इम्युनिटी बूस्टरचा कोर्स, महिना ३,२०० रुपये. मी विचारलं, ‘ताई, तुमच्याच कागदावर टीएनएफ जास्त आहे. म्हणजे यंत्रणा आधीच जास्त चालतेय असं तुमचं म्हणणं. मग अजून बूस्ट कशाला?’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘सर, मी सिनियरना विचारून कळवते.’ अजून कळवलेलं नाही.

या आजाराच्या बाबतीत बाजार संशोधनाच्या पुढे धावला, असं पहिल्यांदा होत नाही. २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू रुग्णांच्या रक्तात सापडल्याचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. जगभरचे रुग्ण आनंदले, अमेरिकेत पैसे घेऊन त्याची चाचणीही विकली गेली. मग कळलं की ती प्रयोगशाळेतली भेसळ होती; डिसेंबर २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. विकलेल्या चाचण्यांचे कागद लोकांच्या कपाटात राहिले असतील. नॉर्वेच्या बर्गनमधल्या डॉक्टरांची गोष्ट वेगळी आणि सरळ मनाची. २०११ साली ३० रुग्णांच्या चाचणीत, बी पेशी मारणारं रिटुक्सिमॅब हे औषध निम्म्यांना देऊन, त्यांच्यात चांगला गुण दिसला. म्हणून त्यांनी १५१ रुग्णांवर नीट चाचणी घेतली, आणि औषध खोट्या औषधापेक्षा सरस नाही असं निघाल्यावर २०१९ मध्ये तेही त्यांनी स्वतःच छापलं. मला हे वाचून उगाच बरं वाटलं. नमुना फेटाळला तर फेटाळला म्हणून नोंद करणारे लोक कुठेतरी आहेत.

आणि रोगप्रतिकार यंत्रणेचा संबंध आहेच, असं माझंही मत. ऑगस्ट २०२५ मध्येच, माझ्या रक्ताच्या महिनाभर आधी, एडिनबराच्या डिकोडएमई प्रकल्पाने १५,५७९ रुग्णांचे जनुकीय निकाल जाहीर केले: आठ ठिकाणी फरक, त्यातले काही प्रतिकारयंत्रणेशी आणि काही मज्जासंस्थेशी जोडलेले. पण एवढ्या हजारांच्या गर्दीत बारीक दिसणारा फरक एका माणसाच्या निदानाला चालत नाही, आणि तसा दावा त्यांनी केलेलाही नाही. दावा करते ती जाहिरात.

आता ती दोन पानं. मिरजेच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट दाखवला. ते पान नऊवर आणि अकरावर थांबले. बी१२ १६८, डी जीवनसत्त्व ११. दोन्ही कमी. दुधाच्या लॅबमध्ये जन्म गेला आणि बी१२ कमी, यावर हिने आणि पोरीने माझी यथेच्छ थट्टा केली. इंजेक्शनं आणि सॅशे घेतले. दोन महिन्यांत पायातल्या मुंग्या आणि हाडांचं दुखणं बरंच हटलं. मंगळवारचं ढासळणं जसंच्या तसं आहे. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. टीएनएफच्या लाल आकड्याबद्दल म्हणाले, ‘यावर मी तुम्हाला काहीही देणार नाही, आणि परत करायलाही सांगणार नाही.’ ही दोन पानं मला तासगावातल्या साध्या लॅबमध्ये सीबीसी, सीआरपी, थायरॉइड, फेरिटिन, साखर, लिव्हर, किडनी धरून तीन हजारांच्या आत मिळाली असती. चौकशी करून लिहितोय.

यावर कुणी म्हणेल, मग सगळा दोष बी१२ चाच. नाही हो. आपल्याकडे थकलेल्या माणसाचं, त्यातून बाईचं, हिमोग्लोबिन बघायचं आणि गोळ्या द्यायच्या ही पद्धतच आहे. गोव्यात बायकांच्या दीर्घ थकव्यावर मोठी पाहणी झाली होती, २००५ साली छापली गेली. १२ टक्क्यांच्या आसपास बायकांनी सहा महिन्यांहून जुना थकवा सांगितला, आणि हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध सापडला नाही. गरिबी, नवऱ्याचा जाच, मनावरचा ताण यांच्याशी सापडला. तो थकवा म्हणजे माझा आजार नव्हे, दोन्हींची गल्लत करू नये. पण आकडा कमी दिसला की तेच कारण, ही घाई दोन्हीकडे सारखी.

कुणी घ्यावं हे पॅकेज? ज्याचं अजून काहीच तपासलेलं नाही त्याने घेऊ नये, त्याने आधी डॉक्टरकडे जावं. ज्याचं निदान झालेलं आहे त्यानेही घेऊ नये, कारण उपचार बदलेल असं यात काही नाही. मधला कुणी मला सुचत नाही. घ्यायचंच असेल तर रक्त सोमवार ते बुधवारच द्या, शनिवारी कधीच नको. सेंट्रिफ्यूज कुठे आणि किती वाजता होणार ते विचारा, आणि दिलेल्या रक्ताची वेळ स्वतःच्या हाताने लिहून फोटो काढून ठेवा. स्वतः नीट वाचून होईपर्यंत घरातल्या कुणाला रिपोर्ट उघडू देऊ नका.

मेव्हण्याला कागद दाखवला नाही. उलट, मी स्वतः भिंतीला टेकून, त्याला नाडी मोजायचा प्रयोग दाखवला, कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र त्याच्याच हातात देऊन. माझी नाडी १०६ वर गेली तेव्हा तो म्हणाला, ‘बस दाजी, खाली बस.’ पहिल्यांदाच.

पाचपैकी दोन तारे. दोन्ही त्या पोराचे. परताव्यासाठी चार मेल केले. पैसे नाहीत, पण १,५०० रुपयांचं कूपन आलं, तीन महिन्यांत वापरायचं. त्यात हिची थायरॉइड आणि साखर करून घेतली. पोरगं तेच आलं, आठची वेळ होती, सात पन्नासला. या वेळी मी कॉटवरूनच त्याला म्हटलं, नळीवर वेळ लिही. त्याने खिशातून पेन काढून लिहिली.